एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) चालू आहे, डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी ची लस डबल डोसमध्ये लिहून दिली. घ्यावी का?

उचगावचा_गडी
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, वय ४१. मला एचआयव्ही आहे. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्याच्या एआरटी सेंटरमधनं टीएलडी (तीन औषधांची मिळून एक गोळी) चालू आहे, रात्री जेवण झालं की एक गोळी. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे तपासणीत विषाणू सापडत नाही, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) मागच्या खेपेला ४३०. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. घरात तिच्याशिवाय कुणाला काही माहीत नाही.

गणपतीत मंडळाच्या शिबिरात थोरल्या दादानं रक्त दिलं. नंतर ब्लड बँकेतनं फोन आला की त्याला हिपॅटायटिस बी (विषाणूनं होणारा लिव्हरचा आजार) आहे. त्याला कसलाच त्रास नाही, चांगला धडधाकट आहे. आमचं घर एकच, चूलही एकच. मी माझ्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी एचबीएसएजी (सध्या बी ची लागण आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतली, ती निगेटिव्ह आली. मग चिठ्ठीवर लस लिहून दिली, ४० मायक्रोग्रॅम, ०-१-२-६ महिने.

मेडिकलवाला म्हणाला, मोठ्या माणसाला २० असते, तुम्हाला ४० कशाला, काय आजार आहे? काउंटरला चार माणसं उभी होती. चिठ्ठी खिशात घातली आणि परत आलो. ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तर वेगळंच सांगितलं, तुमच्या गोळीत बी चं औषध आहेच, लस नको.

डबल डोसनं काही अपाय होतो का? व्हायरल लोड वाढेल का? दादाच्या ताटात जेवलं तर लागण होते का? कुणी घेतली असेल तर सांगा.

इचलकरंजीकर
भावा, घे. मी सात-आठ वर्षं गोळ्यांवर आहे. पहिल्यांदा मला साधे २० चे तीन डोस दिले आणि झालं म्हणाले. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी टायटर (लसीनं किती संरक्षण तयार झालं त्याची रक्ततपासणी) करायला लावलं तर ४ आलं, म्हणजे अंगात काही तयारच झालं नव्हतं. मग ४० चे चार डोस घेतले, आता १८० आहे. दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही. लस घेऊन गप बसू नको, टायटर करच.

निवृत्त_सिस्टर
दादा, मी लसीकरणाच्या खोलीत आयुष्य काढलंय, नंतरची काही वर्षं एचआयव्हीच्या पेशंटबरोबर. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबर आहे. निरोगी तरुण माणसात साध्या तीन डोसांनी दहातल्या नऊजणांना संरक्षण मिळतं. एचआयव्हीत शरीराचा प्रतिसाद कमी पडतो, म्हणून डोस दुप्पट आणि चार वेळा. २० ची एक एमएलची कुपी मिळते, तशा दोन लागतील. दोन्ही दंडांत एकेक घेतली तरी चालते. ढुंगणावर घेऊ नका, चरबीत गेली तर लस नीट लागत नाही. दंडावरच सांगायचं, कुणी घाई करत असेल तरी.

या लसीत जिवंत विषाणू नसतो, नुसतं त्याच्या कवचाचं प्रथिन असतं, तेही यीस्टमध्ये तयार केलेलं. त्यामुळे लसीनं कावीळ होत नाही. व्हायरल लोडची भीती मनातनं काढा, गोळ्या वेळेवर चालू ठेवा म्हणजे झालं.

मेडिकलवाल्याचं. त्याला आजार सांगायची तुमच्यावर काही सक्ती नाही. डायलिसिसच्या पेशंटलाही ४० चाच डोस देतात, त्यामुळे ४० लिहिलंय म्हणजे एचआयव्हीच असं कुणी ओळखू शकत नाही. ‘डॉक्टरांनी लिहिलंय, द्या,’ एवढंच म्हणा. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. काउंटरवर चार माणसांत असं विचारणं मला वाचतानाच लागलं, तुम्हाला काय वाटलं असेल.

लस घरी न्यायची वेळ आली तर बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला. २ ते ८ अंशांतच ठेवायची. ही लस थिजली की कामातनं गेली, परत वितळवून उपयोग नसतो. चांगली कुपी थोडा वेळ ठेवली की तळाला पांढरा साका बसतो, हलवली की सगळीकडं सारखी दुधाळ होते. हलवूनसुद्धा कण, गठळ्या दिसल्या तर ती टोचून घेऊ नका. शक्यतो जिथं विकत घ्याल तिथंच जवळ टोचून घ्या.

आता गोळीचं. तुमच्या त्या डॉक्टरांनी अर्धं बरोबर सांगितलं. टीएलडीतले टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन बी च्या विषाणूवरही चालतात आणि गोळ्या चालू असताना बराच आडोसा देतात. पण उद्या किडनीमुळं टेनोफोव्हिर बदलावं लागलं, किंवा गोळ्यांत खंड पडला, तर तो आडोसा गेला. लसीनं तयार झालेलं संरक्षण तुमच्या अंगात राहतं. एचआयव्ही आणि बी दोन्ही एकत्र आले तर लिव्हर लवकर खराब होतं, सिरॉसिसपर्यंत जातं. मी असे पेशंट पाहिलेत, त्यांची पोटं पाण्यानं फुगलेली. ज्याच्यावर लस आहे त्यानं माणूस जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दादाबरोबर जेवा, एका ताटात जेवा, त्याच्या पोरांना मांडीवर घ्या. जेवणाखाण्यातनं हे पसरत नाही. दाढीचं पातं, ब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं. वाळलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस तरी जगतो, म्हणून कापलं-खरचटलं तर पट्टी बांधा, सांडलेलं रक्त ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसा. दादाला तुमची गोळी द्यायचा विचारही करू नका, त्याच्या तपासण्या आणि औषध वेगळं असतं.

एमडी_मायक्रो
सिस्टरांनी सगळं सांगितलंय, दोन गोष्टी जोडतो.

पहिली तपासण्यांची. नुसती एचबीएसएजी पुरेशी नाही. अँटी एचबीसी टोटल (पूर्वी कधी लागण झाली का ते दाखवते) आणि अँटी एचबीएस (अंगात संरक्षण आहे का ते दाखवते) याही लस घेण्याआधी करून घ्या. कारण सांगतो. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी साधारण ९० टक्क्यांत ती आयुष्यभर राहते, निरोगी मोठ्या माणसांत मात्र ५ टक्क्यांहून कमी. तुमच्या दादाला लहानपणीच लागण झाली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुम्ही त्याच घरात वाढलाय. तुम्हाला कधी होऊन गेली असेल तर ती अँटी एचबीसीत दिसेल, मग लसीचा हिशेब वेगळा होतो. आईची आणि बाकी भावंडांचीही तपासणी व्हायला हवी. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, म्हणजे २०१८ पासून, सरकारी केंद्रांवर तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दादाला तिकडं पाठवा. त्रास नाही म्हणून थांबू देऊ नका, या आजारात वर्षानुवर्षं त्रास नसतोच.

दुसरी डबल डोसची. फ्रान्समधल्या २०११ च्या चाचणीत एचआयव्ही असलेल्यांना साधे तीन डोस दिले तेव्हा ६५ टक्के लोकांत संरक्षण तयार झालं, दुप्पट चार डोसांत ८२ टक्क्यांत. मला ४० साठी हा आधार पुरतो. तरीही शंभरातले १८ राहिलेच. म्हणून शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत टायटर करायचं, १० च्या वर पाहिजे. खाली आलं तर पुन्हा कोर्स. निराश व्हायचं कारण नाही. आधीच्या लसीनं काही तयार न झालेल्यांवर नव्या सहायक द्रव्याची (म्हणजे लसीचा परिणाम वाढवणाऱ्या घटकाची) लस वापरून पाहिली गेली, तिचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीला आले. तीन डोसांत ९९ टक्क्यांना संरक्षण मिळालं.

उचगावचा_गडी
सिस्टर, डॉक्टर, इचलकरंजीकर, लई उपकार झाले. डायलिसिसचं कळलं आणि मोठं ओझं उतरलं. सोमवारी सुट्टी टाकून राहिलेल्या दोन तपासण्या करतो. आईचं वय ६८ आहे, तिलाही नेतो. बायकोलाही लस द्यायची का? पोरगा २०१४ चा आहे.

निवृत्त_सिस्टर
बायकोची आधी तपासणी करा, निगेटिव्ह असेल तर जरूर द्या. तिला ४० नको, साधे २० चे तीन डोस, ०-१-६. पोराचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा, हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटच्या रकान्यात तारखा असतील तर झालेलं आहे. २०११ पासून ही लस देशभर बाळांना मोफत आहे. तुमच्या-आमच्या पिढीला मिळाली नाही, म्हणून ही धावपळ. आणि आईला नेताना एवढंच सांगा, दादाला बी निघाली म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचंय. ते खरंच आहे, आणि तुमचं काही उघडं करायची गरज पडत नाही.

कागलची_पोर
मध्येच विचारते, सिस्टर. मी पण एआरटीवर आहे. दोन डोस झाले, तिसऱ्याच्या वेळी आजारी पडले आणि चार महिने गेले. आता परत पहिल्यापासून का?

निवृत्त_सिस्टर
नाही बाळा. आधीचे डोस वाया जात नाहीत. राहिलेला तिसरा आता लगेच घे, चौथा त्याच्यापुढं किती दिवसांनी ते डॉक्टर कार्डावर लिहून देतील. टायटरची तारीखही त्याच कार्डावर लिहून घे, नाहीतर ती राहून जाते.