मदत हवी आहे: प्रयोगाची नोंद मुलांनी आपापल्या पद्धतीने केल्यास निष्कर्ष एकत्र कसे आणावेत?

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यास शिकवते. प्रयोगाची नोंद कशी करायची हे मुलांनीच ठरवावे असे माझे ठाम मत असून वर्गात मी तसे करूही देते. मात्र त्यातून उभ्या राहिलेल्या एका अडचणीबाबत अनुभवी शिक्षकांचा सल्ला हवा आहे.

आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापत असल्याने बाष्पीभवनाचा प्रयोग सकाळच्या शाळेतही पुरा होतो. एका पसरट ताटात आणि एका उभ्या पेल्यात मापनपात्राने सारखेच पाणी घालून दोन्ही भांडी उन्हात ठेवली. काही गटांनी उरलेले पाणी पुन्हा मोजून मिलिलिटरमध्ये तक्ता केला, तर काहींनी भांड्यांची चित्रे काढून पाण्याची पातळी रंगवली. एका मुलीने खराट्याची काडी पाण्यात उभी धरून आधीची आणि नंतरची उंची घेतली आणि तेवढ्याच लांबीच्या कागदी पट्ट्या कापून वहीत शेजारीशेजारी चिकटवल्या. स्तंभालेख अजून शिकवलेलाही नाही, त्यामुळे ते पान पाहून मला फार आनंद झाला.

अडचण आली ती निष्कर्ष लिहिताना. तक्ता करणाऱ्यांच्या मते ताटातले पाणी कितीतरी जास्त उडाले. चित्रे आणि पट्ट्या करणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे पातळी थोडीथोडीच उतरलेली दिसल्याने त्यांनी ‘दोन्हीतले सारखेच उडाले’ असे लिहिले. नोंदी दोघांच्याही खऱ्या आहेत, फक्त एकाने आकारमान मोजले आणि दुसऱ्याने उंची. ताटाचा पृष्ठभाग मोठा असल्याने पातळी जराशी उतरली तरी पाणी बरेच कमी होते, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना, त्यांची नोंद चुकीची न ठरवता, कसे उमगू द्यावे?

काय मोजायचे ते सर्वांनी मिळून आधी ठरवावे आणि मांडणी ज्याची त्याने निवडावी, असा एक मार्ग मला सुचतो. परंतु काय मोजावे हे ठरवणे हाच तर अशा शोधाचा गाभा आहे, तो मुलांच्या हातून काढून घेणे मनाला पटत नाही. आपण वर्गात ही निवड नेमकी कोणत्या टप्प्यावर मुलांकडे सोपवता? आणि आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता शिकता वर्गातच होणाऱ्या मूल्यमापनात, तक्ता, चित्र आणि पट्ट्या या तिन्हींना एकाच निकषावर गुण कसे देता?