थायलंड: देशातच फिरून आल्यावर टीएम-३० (परदेशी व्यक्ती कुठे राहते हे इमिग्रेशनला कळवायचा फॉर्म) पुन्हा भरायचा का?

मदत हवी आहे. आम्ही चिआंग माईत भाड्याने राहतो, नॉन-बी (नोकरी-व्यवसायाच्या) व्हिसावर. नुकतेच क्राबीला जाऊन आलो. तिथली नोंद हॉटेलने केली असणारच, त्यांना २४ तासांत करावीच लागते. प्रश्न परतल्यानंतरचा आहे. २०२० मध्ये नियम सैल झाल्यापासून त्याच पत्त्यावर परतलं तर घरमालकाने नव्याने टीएम-३० भरायची गरज नाही, असं मी समजते. पण इथे इमिग्रेशन ऑफिसं तितके नियम! घरमालकीणबाई "माय पेन राय" (काही हरकत नाही) म्हणून मोकळ्या. व्हिसाचं एक्स्टेन्शन तोंडावर आलंय. हल्ली कुणी असं फिरून आल्यावर एक्स्टेन्शन केलंय का? जुनी पावती चालली, की नवी मागितली? दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायच्या रिपोर्टबद्दल विचारत नाहीये, तो मी ऑनलाइन भरते.