मदत हवी आहे: कॉन्टेसा १.८ ला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवायचेत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी १९९४ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ पेट्रोल, इसुझूचं इंजिन, पाच गिअर. बाबांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होतो, आता बाबा ७६ चे आहेत आणि गाडी माझ्याकडे आहे. हिंदुस्तान मोटर्सने २००२ मध्ये ही गाडी बंद केली, तेव्हापासून पार्ट शोधणं हे एक वेगळंच काम होऊन बसलंय, पण आपल्याकडे लांब बॉनेटची, मागच्या चाकावर चालणारी मसल कार म्हणावी अशी हीच एक गाडी, त्यामुळे विकायचा विचार कधी मनात आला नाही आणि येणारही नाही.

आता अडचण. मे महिन्यात ठाण्याहून नाशिकला परत येत होतो, बाबा शेजारी, दुपारचे अडीच. कसाऱ्यापर्यंत काटा बरोबर मध्यावर. घाट सुरू झाला आणि पुढे ट्रेलरची रांग, त्यामुळे सेकंड गिअर, एसी चालू, स्पीड जेमतेम १५-२०. अर्ध्या घाटात काटा सरकायला लागला, एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी काटा लाल पट्टीच्या कडेला जाऊन टेकला. कशीबशी घाटनदेवीपर्यंत आणली आणि बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर ओव्हरफ्लोची बाटली आतून अक्षरशः रटरटत होती, झाकणाच्या भोकातून हिरवं कूलंट उडून बॅटरीच्या ट्रेपर्यंत गेलेलं आणि तो गोडसर वास. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. पाऊण तास थांबलो, बाबा झाडाखाली बसून सारखे विचारत होते, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यातली सील) तर नाही ना गेलं. नाही गेलं, नंतर चेक केलं, ऑइल स्वच्छ आहे, पाण्यात बुडबुडे नाहीत.

नाशकात द्वारकेच्या सिग्नलला पण हेच होतं, फक्त थोडं कमी. दहा मिनिटं अडकलो की काटा दोन रेघा वर, गाडी हलली की परत खाली. आणि ओझर-पिंपळगावकडे मोकळ्या रस्त्याला ८० ने तासभर चालवली तरी काटा मध्यावरून हलत नाही. म्हणजे वारा मिळाला की गाडी थंड, वारा नाही की गरम, असं मला वाटतंय, चुकत असेन तर सांगा.

आतापर्यंत केलेलं: रेडिएटर कॅप नवीन, थर्मोस्टॅट नवीन ८२ डिग्रीचा, कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं, बेल्ट ताणून घेतला. रेडिएटर मूळचाच आहे, तांब्या-पितळेचा, तीस वर्षांत एकदाही उतरवलेला नाही. पंखा इंजिनच्या बेल्टवर चालणारा आहे, क्लच वगैरे काही नाही, इंजिन जेवढं फिरेल तेवढाच तो फिरणार, आणि त्याच्या एका पात्याचं टोक नखाएवढं उडालंय. शराउड, म्हणजे पंख्याभोवतीचं हवा जाळीतूनच ओढायला लावणारं आवरण, माझ्या गाडीला नाही. काही वर्षांपूर्वी वॉटर पंप बदलताना एका मेकॅनिकने तो काढून ठेवला आणि नंतर तो गॅरेजात सापडलाच नाही, मला तेव्हा त्याचं महत्त्व कळत नव्हतं म्हणून मी पण पाठपुरावा केला नाही.

आता मनात असं आहे की बेल्टवरचा पंखा काढून दोन १० इंची इलेक्ट्रिक फॅन आतल्या बाजूने, म्हणजे ओढणारे, बसवायचे. रेडिएटरच्या जाळीच्या आडव्या मापात दोन १० इंची मावतात, दोन १२ इंची मावत नाहीत. तिकडचे अमेरिकन लोक मस्टँगला फोर्ड टॉरसचा एकच मोठा फॅन बसवतात, पण तो सुरू होताना एवढा करंट ओढतो की आपल्या गाडीच्या वायरिंगला झेपणार नाही आणि इथे मिळणार तरी कुठे.

मला घाबरवतोय तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणारा. माझ्या अल्टरनेटरवरच्या पट्टीवर ४५ अँपिअर लिहिलंय. दोन फॅन मिळून १५-१६, हेडलाइट लो बीमला ९, एसीचा ब्लोअर आणि कॉम्प्रेसरचा क्लच मिळून १२ च्या आसपास, इग्निशन ४-५, वायपर ४. पावसात रात्री द्वारकेला उभा असेन तर बेरीज ४५ च्या घरात जाते, आणि आयडलिंगला अल्टरनेटर त्याच्या निम्मंसुद्धा धड देत नाही. मग बॅटरीच खाली जाणार ना?

विचारायचंय ते असं. एक, बेल्टचा पंखा पूर्ण काढू की ठेवून पुढच्या बाजूने एक ढकलणारा लावू? दोन, थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) कुठे लावायचा, खालच्या टाकीत की वरच्या होजमध्ये? तीन, अंबड किंवा सातपूरला असं काम नीट करणारा कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन आपल्यापैकी कुणाच्या अनुभवाचा आहे का, नाव इथे नको, मेसेज करा. नवरात्राच्या आत गाडी तयार हवीय, बाबांना सप्तशृंगीला याच गाडीतून जायचंय आणि त्यांनी तसं दोनदा बोलून दाखवलंय.

प्रतिसाद १

भाऊ, तुमचं निदान अर्धं बरोबर आहे. हायवेला थंड आणि सिग्नलला गरम म्हणजे हवेचा प्रश्न, हे खरं. पण तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, शराउड नाही! शराउड नसला की पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची इंजिनचीच गरम हवा घुसळत बसतो, आणि जाळीच्या कोपऱ्यांत तर काहीच पोचत नाही. घाटात सेकंडला इंजिन बऱ्यापैकी फिरत असतं, म्हणजे पंखा पण जोरात फिरत होता, तरी तापली, याचा अर्थ समजून घ्या. इलेक्ट्रिक फॅन लावले आणि तेही शराउडशिवाय नुसते जाळीला टेकवले, तर दोन गोल सोडून बाकीची जाळी वायाच.

आणि ते पातं. टोक उडालेला पंखा एक दिवस पण चालवू नका. बॅलन्स गेलेला पंखा वॉटर पंपाचं बेअरिंग खातो, आणि पातं तुटून उडालं तर जाळीत घुसेल नाहीतर बॉनेट उघडं असताना माणसाला लागेल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण रेडिएटर आधी. तीस वर्षं न उतरवलेला तांब्याचा रेडिएटर म्हणजे निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असणार, आपल्याकडचं बोअरचं पाणी कधीतरी कुणीतरी टाकलेलंच असतं. गाडी गरम असताना इंजिन बंद करून जाळीवरून हात फिरवा, लांबूनच, चटका बसेल, मध्ये मध्ये थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद. उतरवून टाक्या खोलायच्या, रॉड मारून घ्यायचा, म्हणजे नळ्यांत सळई घालून क्षार काढायचा, परत झाळायचा. तांब्या-पितळेचा आहे म्हणून हे करता तरी येतं, नवीन गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकला ती सोय नाही.

उतरवलाच आहे तर त्याच वेळी खालच्या टाकीला थर्मो स्विचचा बुश (स्विच बसवायची आट्यांची कडी) झाळून घ्या. खालचं पाणी जाळीतून थंड होऊन आलेलं असतं, म्हणून तिथे ९२ डिग्रीला चालू, ८७ ला बंद असा स्विच चालतो. वरच्या होजमध्ये अ‍ॅडॅप्टर टाकणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, तो दोन्हीकडून रबरात असतो, एका पिनच्या स्विचला अर्थिंग (बॉडीचा मायनस) मिळतच नाही, त्याला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. माझ्या अ‍ॅम्बॅसॅडरला हे न कळल्यामुळे दोन दिवस फॅन का फिरत नाही ते शोधत होतो.

प्रतिसाद ३

दादा, वायरिंगचं सांगतो, पेशाने तेच करतो. दोन फॅनला दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), एकावर दोन्ही टाकू नका, एक रिले गेला तरी दुसरा फॅन घरी पोचवतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून फॅन. ८६ ला इग्निशनचा प्लस, ८५ थर्मो स्विचमधून अर्थिंगला. फॅनच्या लाइनला ४ स्क्वेअर एमएम वायर, यात कंजूषी करू नका. एका फॅनचा रिले एसीच्या क्लचबरोबर पण चालू होईल असं जोडा. फॅन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, म्हणून फ्यूज किती अँपिअरचा ते फॅनच्या नेहमीच्या करंटवरून ठरवू नका. अल्टरनेटर मात्र बदलाच, ६५-७० चा मिळाला की ब्रॅकेट थोडं जुळवून बसतो.

आणि प्लास्टिकचे टाय जाळीतून आरपार घालून फॅन अडकवायची पद्धत आहे ना, ती करू नका, थरथरीने टाय नळीला घासतो आणि वर्षा-दोन वर्षांत गळती.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी जाळीवरून हात फिरवला. उजव्या बाजूला खालून चार बोटांचा पट्टा जवळजवळ थंड. म्हणजे प्रतिसाद २ मधले काका म्हणाले तसंच निघालं.

आता ठरवलंय ते असं. रविवारी रेडिएटर उतरवतो, रॉड आणि बुश एकदमच. तोपर्यंत गाडी उभी, तुटक्या पात्याचा पंखा काढून ठेवलाय. इलेक्ट्रिक फॅन लावणारच, पण पूर्ण जाळी झाकेल असा पत्र्याचा शराउड करून त्यात, जाळीपासून दोन बोटं अंतर सोडून. अल्टरनेटर आधी, फॅन नंतर. पहिली ट्रायल त्र्यंबक रोडला, मग भर दुपारी द्वारकेला मुद्दाम उभी करून बघेन, आणि तिथे काटा हलला नाही तरच बाबांना घेऊन वणीचा रस्ता.

एकच राहिलं, कॉन्टेसाचा मूळचा शराउड कुणाकडे पडून असेल, तुटका असला तरी चालेल, मला मापं आणि तो बोल्टला कुठे बसतो ते बघायचंय. कुर्ल्यापर्यंत यायची तयारी आहे.