पीटर ग्राइम्स: ब्रिटनचं १९५८ चं रेकॉर्डिंग आधी ऐकू की व्हिकर्सचं?

लाटांकाठी:
मंडळी, एक प्रश्न आहे, थोडी लांबण लागेल. बेंजामिन ब्रिटनचे ते ऑर्केस्ट्राचे चार सी इंटरल्यूड्स मध्यंतरी ऐकले आणि त्यातला पहिला, पहाटेचा, तेव्हापासून जवळपास रोज ऐकतोय. वर व्हायोलिन आणि बासऱ्या एकदम उंचावर, एकाच बारीक रेघेसारख्या, मधे क्लॅरिनेट, व्हायोला आणि हार्पची सळसळ येऊन जाते आणि मग खालून ब्रासचे ते जाड संथ सूर वर येतात. समुद्र दाखवायला आणखी काही लागतच नाही असं वाटलं. मग कळलं की हे सुटे तुकडे नाहीतच, पीटर ग्राइम्स नावाच्या ऑपेरात दोन दृश्यांच्या मधे वाजणारं संगीत आहे, म्हटलं पूर्ण ऑपेराच ऐकूया.

तिथे अडलोय. दोन रेकॉर्डिंग्ज समोर आहेत. एक डेक्काचं १९५८ चं, स्वतः ब्रिटन कंडक्टर आणि ग्राइम्स म्हणजे पीटर पिअर्स. दुसरं फिलिप्सचं १९७८ चं, कॉलिन डेव्हिस कंडक्टर आणि ग्राइम्स जॉन व्हिकर्स. दोन्हींची सुरुवातीची दहा-दहा मिनिटं ऐकली. व्हिकर्स ऐकला की दणकट, वादळात होडी घालणारा कोळी डोळ्यासमोर येतो. पिअर्सचा आवाज मला कोरडा, जरा नाकातून आल्यासारखा वाटला, हा माणूस जाळं कसा ओढत असेल असं मनात आलं. पण जिथे वाचावं तिथे लोक १९५८ चंच सांगतात. केवळ रचनाकार स्वतः समोर उभा आहे म्हणून का? आणि दुसरं म्हणजे इंग्रजीत असूनही निम्मे शब्द कळत नाहीयेत, त्याचं काय करायचं?

जुनी_तबकडी:
१९५८ आधी ऐका. केवळ रचनाकाराच्या मानासाठी सांगत नाहीये, खरंच कारणं आहेत, सवडीने लिहितो.

पहिलं म्हणजे या ऑपेरात ग्राइम्स जितका महत्त्वाचा तितकंच ते गाव महत्त्वाचं, म्हणजे कोरस, एकत्र गाणारे सगळे गावकरी. गोष्ट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची, सफोकमधल्या ऑल्डबराची. ऑपेरात गावाला नुसतं 'बरो' म्हणतात कारण मूळ जॉर्ज क्रॅबची १८१० ची कविता त्याच नावाची, आणि क्रॅब जन्मला ऑल्डबरातच. ब्रिटनही त्याच किनाऱ्यावर थोडं वर लोस्टॉफ्टला, घरासमोर उत्तर समुद्र, असा वाढलेला. त्यामुळे १९५८ च्या रेकॉर्डिंगमधे हे लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसचं कोरस नुसतं सुरात गात नाही, ते कुजबुजतं, चर्चला जातं, पबमधे दारं आपटतं, आणि शेवटी एका माणसाच्या मागे लागतं. तिसऱ्या अंकात सगळं गाव मिळून त्याचं नाव ओरडतं आणि मधे पूर्ण शांतता सोडलेली आहे, ती शांतता त्या ओरडण्यापेक्षा जास्त भीतीदायक आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

दुसरं, ध्वनिमुद्रण. डिसेंबर १९५८, लंडनजवळचा वॉल्थमस्टोचा हॉल, केनेथ विल्किन्सनसारखा साउंड इंजिनिअर, आणि स्टिरिओ तेव्हा नवंनवं होतं. त्यांनी अंतर वापरलंय, म्हणजे कोण कुठून गातंय ते. दुसऱ्या अंकाची सुरुवात रविवार सकाळची आहे, समुद्रकिनाऱ्यावर एलन नावाची शाळेची बाई ग्राइम्सच्या शिकाऊ पोराशी बोलत बसलीये आणि लांब चर्चमधे प्रार्थना चाललीये. ती प्रार्थना खरोखर लांबून येते आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर एलनच्या बोलण्याचा अर्थ बदलत जातो. नंतर गाव ढोल वाजवत ग्राइम्सच्या झोपडीकडे निघतं तेव्हा तो ढोल कसा जवळ जवळ येतो ते हेडफोनवर ऐका.

गाणारेही बघा. वकील स्वॉलो म्हणजे ओवेन ब्रॅनिगन, ७ जून १९४५ ला लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरमधे पहिला प्रयोग झाला तेव्हाही हाच होता, पिअर्ससारखाच. आणि गावभर संशय पेरत फिरणारी म्हातारी मिसेस सेडली जिने गायलीये ती लॉरिस एल्म्स तेव्हा फक्त २७ वर्षांची होती, ऐकून अजिबात पटणार नाही.

तारसप्तक:
तबकडीरावांचं कोरसबद्दल पूर्ण मान्य, पण लाटांकाठी, तुम्हाला व्हिकर्स भिडला असेल तर त्याच्यापासूनच सुरू करा असं मी म्हणेन, कारण ऑपेराला पहिल्यांदा जाताना माणूस भिडणं सगळ्यात गरजेचं असतं, बाकीचं नंतर येतं. व्हिकर्सचा ग्राइम्स घाबरवतो. पबच्या दृश्यात बाहेर वादळ, दार उघडलं की ऑर्केस्ट्रा आत घुसतो, आणि तो भिजलेला आत येऊन ताऱ्यांबद्दल गायला लागतो तेव्हा पबमधल्या लोकांसारखेच आपणही गप्प होतो. हा माणूस कोणाला मारूही शकेल आणि आतून तुटलेलाही आहे, दोन्ही एकाच श्वासात. त्याने १९६७ मधे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला डेव्हिसबरोबरच ही भूमिका केली होती, म्हणजे १९७८ पर्यंत अकरा वर्षं दोघांनी तिच्यावर विचार केलेला. हेदर हार्परची एलन तर मला सगळ्या रेकॉर्डिंग्जमधली सर्वात आवडती आहे, नुसता गोड आवाज नाही, त्यात थकवा आहे, ही बाई आपण हरणार हे ओळखून आहे.

हे मात्र खरं की व्हिकर्सने काही शब्द स्वतःच्या मनाने बदललेत आणि ब्रिटनला त्याचा ग्राइम्स पटला नव्हता. पण कलाकृती एकदा बाहेर आली की तिच्यात रचनाकाराला न दिसलेलं दुसऱ्याला दिसू शकतं, आणि व्हिकर्सला ते दिसलं असं मी मनापासून मानतो.

मधली_फळी:
१९६९ चं बीबीसीचं चित्रीकरणही बघा, शब्दांचा प्रश्न बराच सुटेल. ऑल्डबराजवळच्या स्नेप मॉल्टिंग्ज हॉलमधे सेट लावून केलंय, ब्रिटन कंडक्टर, पिअर्स ग्राइम्स आणि एलन हेदर हार्पर, म्हणजे तारसप्तक यांची आवडती. पिअर्स तेव्हा ५८ वर्षांचा आहे, आवाज १९५८ इतका ताजा नाही पण चेहरा बघाल तर त्या आवाजाबद्दलची तक्रार राहणार नाही. ते झाल्यावर काही महिन्यांतच जून १९६९ मधे तो हॉल आगीत जळाला, पुढच्या वर्षी परत उभा केला.

जुनी_तबकडी:
लाटांकाठी, पिअर्सच्या आवाजाबद्दल थोडं सांगतो कारण तुमची अडचण अगदी खरी आहे, मलाही पहिली दोन वर्षं तो आवाज आवडत नव्हता.

ती ताऱ्यांची एरिया, म्हणजे ग्राइम्सचं पबमधलं एकट्याचं गाणं, नीट ऐका. वाद्यं खालून सावकाश सरकत असतात आणि ग्राइम्स एकाच स्वरावर थांबून गातो, ई वर, पुन्हा पुन्हा तोच, हलतच नाही. टेनरसाठी, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषासाठी, ही अवघड जागा, छातीचा आवाज संपून वरचा सुरू होतो त्या सांध्यावरची. बहुतेकांचा आवाज तिथे एकतर ढकलला जातो नाहीतर पोकळ होतो, पिअर्सचा मात्र नेमका तिथेच सर्वात सुंदर लागायचा, आणि ब्रिटनने त्याच्या गळ्यासाठीच लिहिलंय ते. माझ्या दृष्टीने ग्राइम्स दणकट कोळी आहे म्हणून गावाला खुपत नाही, तो त्यांच्यासारखा बोलत नाही, त्यांच्यासारखं बघत नाही म्हणून खुपतो. तो परका आवाज हवाच आहे. ब्रिटन आणि पिअर्स दोघांनीही युद्धात शस्त्र घ्यायला नकार दिला होता, १९४२ मधे अमेरिकेतून परतले ते युद्ध पेटलेलं असताना, आणि पहिला प्रयोग युरोपातलं युद्ध थांबल्यावर एका महिन्यात. गर्दीच्या विरुद्ध बाजूला उभं राहणं काय असतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

तुम्हाला वाटलेला कोरडेपणा मला आता कोरडेपणा वाटत नाही, कोणीतरी स्वतःशीच बोलतंय आणि आपण चोरून ऐकतोय असं वाटतं.

शब्दवेडी:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी नीट दिलं नाही म्हणून लिहितेय. शब्द न कळणं हा तुमच्या इंग्रजीचा दोष नाही हो, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ऑपेरात निम्मं कळत नाही, वरच्या पट्टीत स्वर ताणले की सगळे एकसारखेच होतात, आणि इथे तर तीन-चार लोक एका वेळी वेगवेगळं बोलत असतात. माँटेग्यू स्लेटरचा लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, हातात ठेवा, पण सलग वाचत ऐकू नका. आधी एका अंकाचं नुसतं वाचा, मग तो अंक ऐका, तो झाला की पुढचा. पूर्ण ऑपेरा साधारण अडीच तासांचा, मूळ तीन तबकड्यांचा, एका दिवसात संपवायचा हट्ट नको.

गोष्ट थोडक्यात: समुद्रात ग्राइम्सचा शिकाऊ पोरगा मेलाय, त्याची चौकशी होते आणि अपघात ठरतो पण गाव मानत नाही. तो दुसरा पोरगा आणतो, वर्कहाउसमधला, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावायचे त्या जागेतला. एलनला त्याच्या मानेजवळ वळ दिसतो. त्यानंतर काय होतं ते सांगत नाही.

फक्त कान कुठे लावायचे ते सांगते. चौकशीनंतर ग्राइम्स आणि एलन दोघंच उरतात आणि वाद्यांशिवाय गातात, तो एका पट्टीत, ती दुसऱ्याच, आणि शेवटी दोघं हळूहळू एका स्वरावर येतात. सगळ्या ऑपेरात त्यांना एवढीच जवळीक मिळते. दुसरी जागा पबमधलं ते सात मात्रांचं गाणं, ताऱ्यांच्या एरियानंतर अस्वस्थ झालेली मंडळी सुरू करतात, आणि ग्राइम्स मधे घुसून त्यांचं गाणं विस्कटतो. आणि तिसरी जागा म्हणजे तो मुलगा: त्याला अख्ख्या ऑपेरात एकही शब्द नाही, फक्त एक किंकाळी आहे. त्याच्यासाठी बोलतं कोण ते दुसऱ्या अंकाच्या मधल्या इंटरल्यूडमधे ओळखा.

तारसप्तक:
शब्दवेडी, फार सुंदर लिहिलंत.
लाटांकाठी, नवीन काही हवं असेल तर एडवर्ड गार्डनरचं बर्गनच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं शँडॉसचं रेकॉर्डिंगही आहे, स्टुअर्ट स्केल्टन ग्राइम्स. आवाज मोठा आहे आणि तरी तो हळू गाऊ शकतो, त्यामुळे आमचं दोघांचं भांडण तिथे बरंचसं मिटतं, आणि समुद्र इतका स्पष्ट कुठेच ऐकू येत नाही.

लाटांकाठी:
सगळ्यांचे खूप आभार. शब्दवेडींच्या पद्धतीने ऐकलं, चार दिवसांत एकेक अंक करत १९५८ चं पूर्ण झालं आणि मग दुसरा अंक परत ऐकला कारण राहवलं नाही.

चर्चच्या दृश्यात एलन ग्राइम्सला म्हणते की आपलं चुकलं, आपल्याला जमलं नाही, आणि तो तिला मारतो, त्याच क्षणी आत आमेन चाललेलं असतं. तेव्हा तो देवाकडे दया मागणारी जी एक ओळ गातो, जोरात, वरून खाली घसरणारी, ती माझ्या डोक्यात बसली. पुढच्याच मिनिटाला गावातले लोक ग्राइम्स परत सुरू झाला म्हणून कुजबुजायला लागतात आणि त्यांची चाल तीच! मी परत मागे नेऊन तपासलं. त्याच्या स्वतःच्या तोंडातून निघालेला स्वर गावाने उचलला आणि त्याच्यावरच फिरवला. मग त्यानंतरच्या इंटरल्यूडमधे खाली बेसमधे तेच सतत फिरत राहतं आणि त्यावर एकटा व्हायोला. शब्दवेडी, तोच ना तो मुलगा? गाव खालून त्याच चालीत फिरतंय आणि वर तो एकटा काहीतरी सांगतोय जे कोणी ऐकत नाहीये. तिथे मी थांबवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पिअर्सबद्दल माझं मत बदललं, सुरुवातीला नाही पण शेवटच्या धुक्याच्या दृश्यात. सगळा ऑर्केस्ट्रा गप्प, लांबून भोंग्याचा तो एकच आवाज, लांबूनच त्याच्या नावाच्या हाका, आणि तो एकटा काहीबाही तुकडे गातोय, आधीच्या सगळ्या चालींचे, काही अर्धेच सोडलेले. एवढा उघडा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग बालस्ट्रोड, तो म्हातारा निवृत्त कप्तान, येऊन होडी समुद्रात नेऊन बुडव म्हणून सांगतो ते गाऊन नाही, साध्या बोलण्यात. अडीच तास सगळे गात होते आणि सर्वात भयंकर वाक्य कोणी गायलंच नाही.

आणि नंतर ती पहाट. तेच संगीत ज्यापासून मी सुरुवात केली होती, लोक कामाला लागतात, लांब समुद्रात एक होडी बुडतेय असं कोणीतरी म्हणतं आणि विषय सोडून देतात. जे मी रोज शांत वाटतं म्हणून ऐकत होतो ते आता तसं ऐकू येत नाहीये.

शब्दवेडी:
हो, तोच. व्हायोला म्हणजे तो मुलगा.

जुनी_तबकडी:
ती चाल स्वतः पकडलीत, फार बरं वाटलं वाचून. आता आठवडाभर काही ऐकू नका, मग व्हिकर्स लावा. धुक्याच्या दृश्यापासून नाही, चौकशीपासून.