ब्रँडसाठी आधी लोगो करावा की आधी माल सुधारावा?

शिवणवही : मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते. ऑनलाइन ऑर्डरी बऱ्यापैकी येतात. एका एजन्सीने लोगो, रंगसंगती, टॅगलाइन असं सगळं मिळून पॅकेज सुचवलंय, पण वर्षभराचा नफा त्यातच जाईल. ब्रँड म्हणजे हेच का? खर्च करू का?

रंगरेषा : करा. अनोळखी मालात नजर आधी दिसण्यावरच जाते.

छापखाना : मी पॅकेजिंगच्या छपाईत आहे. लोगो बदलून घ्यायला येणारे धंदे कायम बघतो, म्हणून स्पष्ट सांगतो : एवढा खर्च आत्ता नको. तुमचं नाव ऐकल्यावर गिऱ्हाईक माल न बघताच जे गृहीत धरतं, तो ब्रँड. लोगो ही त्याची खूण. नाइकेची ती प्रसिद्ध खूण १९७१ मध्ये एका डिझाइनच्या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये करून दिली होती. त्या खुणेला वजन आलं ते पुढे, बुटांमुळे आणि ते घालणाऱ्या खेळाडूंमुळे. उलट गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये नवा लोगो आणला, तर लोक इतके चिडले की आठवड्याभरात जुनाच परत आणावा लागला.

आता तुमची वही घ्या. टेबलावर सपाट उघडते का? शाईचं पेन मागच्या पानावर उमटतं का? पहिल्या वहीत उमटलं नाही आणि पुढच्या वहीत उमटलं, की गिऱ्हाइकाचा भरवसा तिथेच उडतो. कागदाचा लॉट बदलला तरी पुरवठादार सांगेलच असं नाही. म्हणून प्रत्येक लॉटमधला एक ताव तारीख घालून जपून ठेवा आणि नवा माल आला की एकाच पेनाने दोन्हींवर लिहून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरा ब्रँड इथेच उभा राहतो. रंगाचंही तेच. छापखान्याला नुसतं ‘गडद निळा’ सांगू नका, पँटोन नंबर (प्रत्येक छटेला ठरवून दिलेला क्रमांक) द्या; नाहीतर प्रत्येक खेपेला निळा वेगळा येईल.

गडबड झाली की तुम्ही कसं वागता, हेही लोक लक्षात ठेवतात. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने स्वतः ते केलं नव्हतं, तरी सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि कुणी हात लावला तर लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं. गिऱ्हाईक परत आलं.

रंगरेषा : पण पहिली वही कुणी उचलली तरच हे सगळं कळणार ना?

छापखाना : बरोबर. त्यासाठी स्वच्छ अक्षरांतलं नाव आणि एक ठरलेला रंग पुरे. तेवढं एखादा चांगला डिझायनर कमी पैशांत करून देईल.

शिवणवही : नाव ‘सुंदर वही’ ठेवायचं मनात आहे.

छापखाना : नको. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं, कारण आपल्या वहीला सुंदर कुणीही म्हणू शकतं. वेगळं नाव शोधा आणि ट्रेडमार्कच्या नोंदींत वर्ग १६ मध्ये तपासा. वह्या-कागद त्यात येतात. उच्चाराने जवळची नावंही बघा. हे झाल्यावरच डिझायनरला फोन करा.