जुनी पिकअप, हिवाळ्यातला लांबचा प्रवास: कोकणातून निघण्याआधी काय काय केलंत?

रत्नागिरी ते मनाली म्हणजे एका बाजूने साधारण सव्वादोन हजार किलोमीटर. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पंखा बंद केला की थंडी पडली म्हणायचं. तिकडे अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये त्याच पहाटे पारा उणे दहाच्याही खाली असतो. गाडी मात्र तीच, पाच-सात पावसाळे आणि खारा वारा खाल्लेली. सेकंड हँड पिकअप अशा वाटेला लावताना काय तपासलं, काय बदललं, काय फसतं आणि का, ते ज्यांचे हात ग्रीसमध्ये असतात त्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, मापं आणि कारणं हवीत.

मिरकरवाडा, मासे वाहतूक

मासळीची गाडी घेतली असेल तर हौद्याखालून सुरुवात करा. बर्फाचं खारट पाणी फाळक्याच्या फटीतून मागच्या क्रॉसमेंबरवर आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलवर ठिबकत राहतं. वरून रंग नवा, आत पापुद्रे. लहान हातोडीने चेसी ठोकत जा. टणटणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे स्क्रू ड्रायव्हर रोवून बघा. रुतला तर ती गाडी गावातच चालवा. मागच्या पाट्यांचे हँगर, डिझेल टाकीच्या पट्ट्या, स्टेपनीचा कॅरिअर आणि ब्रेकचा लोखंडी पाइप जिथे क्लिपमध्ये बसतो ती जागा, या चार ठिकाणी गंज हमखास लपलेला असतो.

चेसीच्या चॅनेलला पाणी निथळायला खाली भोकं असतात, ती जांभ्याच्या चिखलाने बुजतात. तार घालून मोकळी करा, गोड्या पाण्याने आतून धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, झिंक प्रायमर आणि इपॉक्सी रंग. ओल्या गंजावर डांबरी कोटिंग मारलं की ओल आत कोंडते; बाहेरून काळंभोर दिसतं आणि आत गंजाचं काम सुरूच. खालून जळकं ऑईल फवारायची आपल्याकडची सवयही सोडा. त्याने रबरी बुश फुगतात, आणि लायनरवर उडालं तर ब्रेक गेला.

चिपळूण, जुन्या गाड्यांचा व्यवहार

गाडी पुरात बुडालेली आहे का, हे आधी बघा. २०२१ च्या जुलैत चिपळूण, खेड, महाड इथे पाणी भरलं होतं. त्यातली धुऊनपुसून विकलेली गाडी आजही समोर येऊ शकते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या भागात मातीची रेघ दिसते. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगचे कपलर (जोड) उघडा, हिरवट बुरशी असेल तर समजून जा. मागच्या हौसिंगचं (डिफरन्शियलच्या पेटीचं) ऑईल थोडं काढून पाहा: दुधाळ असेल तर ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, पाणी आत गेलंय, बेअरिंग कधीही बोलायला लागतील. पुराची गाडी उन्हाळ्यात गपगुमान चालते. गोठणाऱ्या थंडीत कपलरमधल्या ओलीचा बर्फ होतो आणि सेन्सर वाटेल ते सांगू लागतात.

कुडाळ, गॅरेज

आमच्याकडे म्हणतात, खारो वारो लोखंडाक खाता. पण रॅडिएटर खातं ते विहिरीचं पाणी. वर्षानुवर्षं तेच ओतलेलं असतं. आत क्षार बसतात आणि कूलंट नावाची वस्तू गाडीला माहीतच नसते. उणे दहाला नुसतं पाणी गोठलं की ब्लॉकला तडा. तो खर्च इंजिनाचा असतो, रॅडिएटरचा नव्हे.

इथल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट हटकून सापडते: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रॅडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकलेला. घाटात गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी काढलेला असतो. खरं कारण असतं तुंबलेला रॅडिएटर, शिक्षा होते थर्मोस्टॅटला. थंड प्रदेशात असं इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं, हीटर गार वारा फेकतो. ओळखायचं असं: थंड इंजिन चालू करून वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर आत काही नाही.

काम या क्रमाने करा. रॅडिएटर बाहेरून साफ करून घ्या, गरज असेल तर रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई. सिस्टीम साध्या पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. ब्लॉकमध्ये दीड-दोन लिटर पाणी उरतंच, म्हणून तयार मिश्रण ओतू नका, ते पातळ होतं. एकूण क्षमता ८ लिटर असेल तर आधी ४ लिटर काँसंट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता आणि वरून डिस्टिल्ड पाण्याने भरा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास; तिसरा हिस्साच असेल तर साधारण उणे १८. आणि शंभर टक्के ग्लायकॉल चांगलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते एकटं उणे १३ च्या आसपासच गोठतं. बाटलीवर गोठणबिंदू छापलेला नसेल तर ते रंगीत पाणी समजा. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा, झाकण उघडं, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत.

हीटरचं म्हणाल तर स्वस्त मॉडेलात तो नसतो, किंवा गळतो म्हणून त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात. चैन म्हणून नव्हे, समोरची काच धुक्यातून मोकळी ठेवायला तो लागतो. चालू करूनच निघा.

इंजिन ऑईलबद्दल थोडक्यात. १५डब्ल्यू-४० वर्गाची थंडीत इंजिन फिरण्याची चाचणी उणे २० ला होते, १०डब्ल्यू उणे २५, ५डब्ल्यू उणे ३०. मनालीपर्यंत १५डब्ल्यू चालतं. लाहौलमध्ये रात्र काढायची असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू घ्या. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस-६ गाडीत कमी राखेचं, डब्यावर तसं लिहिलेलंच.

सावंतवाडी, ऑटो इलेक्ट्रिशियन

मल्टीमीटर २०० रुपयांचाही चालेल. रात्रभर उभी गाडी, सकाळी बॅटरी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदला. चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ यायला हवेत, नाहीतर डायनामोचे कार्बन किंवा रेग्युलेटर. उणे १८ ला चांगली बॅटरीही निम्म्याच ताकदीची उरते, आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे १० च्या आसपास गोठून खोकं फुटतं. म्हणजे कोकणात ढकलून चालू होणारी गाडी तिकडे ढकलूनही होणार नाही.

पण किनाऱ्यावर अर्धे दोष बॅटरीचे नसतातच, अर्थिंगचे असतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर ठेवा आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पट्टी आतून हिरवी झालेली आहे. नवी टाका, बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन मग आवळणं नको.

ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन चालू होताना आतून तापवणारे प्लग) असतील तर त्यांची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरी पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग जिवंत. चारातला एक मेला तरी इथे कुणाला कळत नाही. शून्याखाली मात्र सेल्फ लांबतो, पांढरा धूर येतो आणि इंजिन तिनावर लंगडतं.

खेड, डिझेल पंप आणि नोझल

डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १४६० मध्ये, हिवाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहत नाही ते तापमान) जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळीचा १५ अंश चालतो. म्हणून इथून भरलेलं डिझेल वर नेऊच नका. टाकी जवळजवळ रिकामी होईल अशा बेताने मंडी-कुल्लू गाठा, तिथे भरा, आणि तेच डिझेल फिल्टरपर्यंत पोचेल एवढी गाडी चालवून मगच रात्रीची लावा. रात्री टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दव धरतं. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांचं हिवाळी डिझेल आणलं, पण ते दर पंपावर मिळेल असं धरून चालू नका.

मेण धरल्याची खूण: गाडी चालू होते, दोन-तीन मिनिटं चालते, मग गळा दाबल्यासारखी बंद. फिल्टरभोवती फडकं गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतत राहा. टाकीखाली बोळे पेटवणारे भेटतील, त्यांना हात जोडा. रॉकेल मिसळू नका: हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेलने तो खरडतो, आणि ती कायद्याने भेसळही आहे. अँटी-जेल (मेण धरू न देणारं औषध) टाकायचं तर मेण धरण्याआधी. नंतर टाकून उपयोग नाही.

निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर नवा आणि दोन सोबत. वॉटर सेपरेटरचा तळाचा स्क्रू उघडून पाणी काढा. दमट हवेमुळे आपल्याकडे ते जास्तच साठतं. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या टाकीची गाडी असेल तर ते द्रावण उणे ११ ला गोठतं आणि फुगतं, काठोकाठ भरू नका.

देवगड, आंबा वाहतूक

रिकामी पिकअप बर्फावर मागून नाचते. पाटे एक-सव्वा टनासाठी बनवलेले, हौदा मोकळा, ओढणारी चाकं मागची, पण सगळं वजन पुढे. २५ किलोच्या सहा गोण्या म्हणजे १५० किलो, बरोबर मागच्या ॲक्सलवर बांधा. फाळक्याला टेकवून ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल पडतं. गोण्यांत नदीची वाळू भरा, घसरलं की चाकाखाली टाकायलाही तीच. किनाऱ्याची वाळू फुकट मिळते, पण खारट ओल थेट हौद्यात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३१२२ म्हणजे २०२२ चा ३१वा आठवडा. सहा वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही दिसो. कायद्याला १.६ मिलिमीटर खोल नक्षी पुरते, बर्फाला ४ तरी हवी.

हवेचा हिशोब गमतीचा आहे. इथे २८ अंशांत भरलेले ४० पीएसआय उणे ५ ला ३४ होतात. पण मनालीच्या दोन हजार मीटरवर बाहेरचा दाबच कमी, त्यामुळे गेज तीनेक पीएसआय वर दाखवतं. म्हणून इथे अंदाजाने जास्त भरू नका. तिथे सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाराच्या स्टिकरप्रमाणे लावा.

पोफळी, घाटातली वाहनं

कुंभार्ली, आंबा, करूळ यांपैकी कुठलाही घाट भरलेल्या गाडीने चढून-उतरून बघा, तोही निघण्याच्या तीन आठवडे आधी. आदल्या दिवशी सापडलेल्या दोषाचा पार्ट कधीच मिळत नाही. उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच ड्रम तापलेला असेल तर व्हील सिलिंडर किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे.

ब्रेक ऑईल ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला, लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढा. मागच्या ॲक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) बघायला कुणी खाली वाकत नाही. त्याचा दांडा गंजून एका जागी बसला की रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होतात. बर्फावर याचा अर्थ गाडी आडवी.

शून्याखाली हँडब्रेक लावून गाडी सोडू नका, ओले लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर आणि चाकामागे दगड. वायपर उभे करून ठेवा, वॉशरच्या टाकीत साधं पाणी नको.

गुहागर, फोर बाय फोर

बर्फ पडला की सोलंगच्या पुढे फोर बाय फोर किंवा चेनवाल्याच गाड्या सोडतात. टू व्हील ड्राइव्ह पिकअपला चेन मागच्या चाकांवर. टायरच्या आकड्यांवरूनच घ्या, आणि अंगणात दोनदा चढवून बघा; बोटं बधिर असताना सूचनापत्रक वाचता येत नाही. चढवल्यावर शंभर मीटर चालवून पुन्हा आवळा, ताशी ३०-४० च्या वर नाही, डांबर दिसलं की काढा. आतल्या बाजूला चेन ब्रेकच्या होजला घासत नाही ना, ते जॅकवर चाक फिरवून बघा.

मालवण

हौद्यात स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: लहान सिलिंडरमधल्या गॅसात ब्युटेन बरंच असतं आणि ते उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही. शेगडी मिणमिणते, सिलिंडर मात्र जड लागतो. तो गरम करायला जाऊ नका, पंपाचा स्टोव्ह घ्या. केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून किंवा शेगडी लावून झोपणं तर मुळीच नाही. सायलेन्सरभोवती बर्फ साचला की कार्बन मोनॉक्साईड आत येतो, वास येत नाही.

लांजा

पिवळ्या पाटीची गाडी आठ वर्षांपुढे असेल तर फिटनेस दर वर्षी लागतं, तारीख परतीपर्यंत पुरते का बघा. हौद्यात माणसं बसवू नका. बीएस-४ डिझेल असेल तर दिल्ली टाळा, हिवाळ्यात प्रदूषण वाढून ग्रॅपचा (तिथल्या प्रदूषण-निर्बंधांचा) तिसरा टप्पा लागला की तिथे बंदी. जयपूर, सीकर, हिसार, अंबाला असा वळसा घ्या.

कुडाळ, गॅरेज

वर पाट्यांचं राहिलं. पाटे उघडून ग्रीस केले असतील तर यू-बोल्ट ५०० किलोमीटरला पुन्हा आवळा, म्हणजे कुडाळहून निघालात तर साधारण वसईच्या पुढे. पाना सीटखाली ठेवा, गोण्यांच्या खाली नको.