‘कंट्रोल’ म्हणजे दुकान कसं झालं?

पुण्याची सून : लग्न होऊन नागपूरला आले त्याला नऊ वर्षं झाली, पण एक शब्द अजून अंगवळणी पडत नाही. सासूबाई रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. “कंट्रोलात साखर आली म्हणते, जाऊन ये ना वं.” २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांचा ‘आनंदाचा शिधा’ निघाला, तोही त्यांच्या लेखी ‘कंट्रोलातला शिधा’. माझ्या माहेरी कंट्रोल एक तर रेडिओचा असायचा नाहीतर रागाचा. हे दुकानाचं नाव कुठून आलं?

इतवारीकर : दुसऱ्या महायुद्धातून, ताई. ‘रेशन’ आणि ‘कंट्रोल’ आज एकाच दुकानाच्या दोन पाट्या वाटतात, पण त्या काळी दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या. कंट्रोल म्हणजे भाव बांधणं: अमुक जिन्नस अमुक भावानं विकायचा, त्याहून जास्त घेतला तर गुन्हा. रेशन म्हणजे माप बांधणं: माणशी इतकंच, कार्डावर नोंद करून. मुंबईत १९४३च्या मे महिन्यापासून कार्डावर धान्य मिळू लागलं, तेव्हा तिकडच्या माणसाच्या हातात रोज पडलं ते कार्ड आणि तोंडात बसलं ते ‘रेशन’. ज्यांची गाठ कार्डाआधी बांधलेल्या भावाशी पडली, त्यांच्या तोंडी ‘कंट्रोल’ राहिलं. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडलं, तिकडचा तांदूळ आणि घासलेट दोन्ही बंद. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचा तांदूळ होता, पण परमिटाशिवाय धान्य प्रांताबाहेर न्यायची बंदी आली आणि भाव तरी चढलेच. १९४३च्या जूनमध्ये कापड आणि सूतही कंट्रोलाखाली आलं. एम्प्रेस मिल डोळ्यांसमोर, आणि धोतरजोडीसाठी रांग! गिरण्यांना ठरावीक प्रतीचं स्वस्त कापड काढावं लागे, त्याला ‘स्टँडर्ड कापड’ म्हणत. माझी आजी कुठल्याही भरड, बिनकाठाच्या लुगड्याला शेवटपर्यंत ‘स्टँडर्ड’ म्हणायची. शब्दाची इतकी उलटी गत मी दुसरी पाहिली नाही.

जबलपूरवाला : आमच्याकडे हिंदीतही ‘कंट्रोल की दुकान’च. १९५६पर्यंत नागपूर आमचीच राजधानी होती. तेव्हा हा जुन्या मध्यप्रांताचा शब्द समजावा काय? नकाशा काढला तर सरहद्द बरोबर जुळेल.

इतवारीकर : मलाही तसंच वाटत होतं.

नांदेडकर : मग नकाशा फाडा. आमच्या मराठवाड्यातही ‘कंट्रोल’च म्हणतात, आणि आम्ही होतो निजामाच्या राज्यात. तुमच्या मध्यप्रांताचा आमच्याशी काय संबंध?

इतवारीकर : फाडला. प्रांताचा मुद्दा मागे घेतो. भाव बांधण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही.

महालातली मास्तरीण : ‘कंट्रोल’बरोबर आलेली क्रियापदं बघा, तिथे खरी गंमत आहे. कंट्रोल ‘लागतो’ आणि कंट्रोल ‘उठतो’, अगदी संचारबंदीसारखा. १९४७च्या अखेरीस गांधीजींनी कंट्रोल उठवण्याचा आग्रह धरला, डिसेंबरपासून तो उठू लागला, आणि १९४८मध्ये पुन्हा लागला. तोवर शब्द कायद्याचा होता. पुढे तो पुल्लिंगी कायदा राहिला नाही, दुकान झाला, म्हणून ‘कंट्रोलात’, ‘कंट्रोलातून’ असे प्रत्यय घेऊ लागला.

‘काळाबाजार’ हाही बहुधा त्याच धामधुमीत रुळलेला, इंग्रजीवरून बेतलेला शब्द. आपल्याकडे ‘चोरबाजार’ होता की! पण चोरबाजारात माल चोरीचा असतो. काळ्याबाजारात माल दुकानदाराच्याच मालकीचा, चोरीचा फक्त भाव. म्हणून नवा शब्द लागला असावा. बोलण्यात मात्र आपण तृतीया लावून मोकळे होतो: “ब्लॅकनं घेतलं.”

लाल जवारी : त्या वेळी कंट्रोलात मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, तो लाल, कडसर. आई सांगायची.

इतवारीकर : मिलो खूप नंतरचा, दादा. अमेरिकेतून आलेला, १९७२च्या दुष्काळातला. आईंची आठवण खरीच, फक्त युद्धातली नाही.

पुण्याची सून : मग ‘चिल्लर’ही युद्धातलीच का? आम्ही ‘मोड’ किंवा ‘सुट्टे’ म्हणतो.

इतवारीकर : नाही, ती जुनीच. तेलुगूतही चिल्लरच म्हणतात, आणि आपली दक्षिणेशी सोयरीक पूर्वापार. पण युद्धात चिल्लर गायब झाली होती हे खरं. १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची कागदी नोट काढली, लोकांनी नाणी दाबून ठेवली. गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ बाळगणं हा गुन्हा ठरला. आजोबांचं किराणा दुकान होतं. सुट्टे नसले की ते पोस्टाचं तिकीट द्यायचे नाहीतर पाठकोऱ्या कागदावर ‘अर्धा आणा देणे’ लिहून सही करायचे. त्या चिठ्ठ्यांना घरात ‘आजोबांची नोट’ म्हणत. काही चिठ्ठ्या परत आल्याच नाहीत, म्हणजे नफाच म्हणायचा.

मग १९४३मध्ये धातू वाचवायला भोकाचा पैसा आला. माझ्यासमोर एक आहे आत्ता. बोटाच्या पेरावर ठेवला तर भोकातून कातडी दिसते, इतकं मोठं भोक. एका बाजूला मुकुट आणि साल, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची कडी. रुपयाला चौसष्ट पैसे, तर आजी सोळा-सोळाच्या चार माळा सुतळीत ओवायची. एक माळ म्हणजे चार आणे, मोजायची कटकटच नाही. माझा पैसा कडेला घासून चपटा झालाय. वडील म्हणतात, कुणीतरी तो बंबाच्या नळाला वायसर म्हणून लावला होता. खरा वायसर पैशापेक्षा महाग होता म्हणे.

महालातली मास्तरीण : ‘नवा टाइम’ राहिला की. १ सप्टेंबर १९४२ला सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे केली, ती १५ ऑक्टोबर १९४५ला मागे आली. आमच्या घरी मुहूर्त काढताना वाद व्हायचे: “नव्या टायमानं की जुन्या?” माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नाचं बोलावणं एका पाहुण्यानं जुन्या टायमानं वाचलं आणि पंगत उठल्यावर आला. तो पुढे जन्मभर ‘जुना टाइम’ राहिला.

पुण्याची सून : सगळ्यांचे आभार. काल सासूबाईंना मुद्दाम विचारलं, “आई, कंट्रोल उठला असं कधी ऐकलंत का?” त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “उठला असन. सोमवार हाय ना आज. उद्या सकाळी जा.”